पाव मैलाचा इतिहास

मोटारीचा इतिहास लिहिणारे बहुधा कारखान्यांचा इतिहास लिहितात. डेट्रॉइट, कॉव्हेंट्री, ट्यूरिन ही त्या इतिहासाची तीर्थक्षेत्रे. फोर्ड, ऑस्टिन, अ‍ॅग्नेली हे त्यांतील महापुरुष. या राजमार्गाला समांतर अशी एक पाऊलवाट मात्र त्या ग्रंथांतून क्वचितच दिसते. कारखान्यातून बाहेर पडलेली, दोनचार मालकांच्या हातांखालून गेलेली, अखेर भंगारवाल्याच्या आवारात गंजत पडलेली मोटार विकत घ्यावी, ती घरामागच्या छपरात आणून सुटी करावी, आणि नोकरीतून उरलेल्या वेळात तिच्यातून मूळ मोटारीहून दुपटीने वेगवान अशी दुसरीच मोटार उभी करावी, हा उद्योग अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियात गेल्या शतकाच्या दुसऱ्या चरणात हजारो तरुणांनी केला. त्या मोटारींस ‘हॉट रॉड’ हे नाव पडले आणि त्यांच्या पाव मैलाच्या शर्यतीस ‘ड्रॅग रेस’ असे म्हणू लागले.

या विषयाकडे आम्ही वळलो ते यंत्रांच्या आवडीमुळे. परंतु वाचीत गेलो तसतसे आमचे लक्ष दुसऱ्याच एका प्रश्नाने वेधून घेतले. हे तरुण आरंभी कायद्याचे गुन्हेगार होते. रस्त्यावर शर्यती लावणारे, स्वतःसह इतरांच्या जिवावर उठलेले, अशीच त्यांची वृत्तपत्रांतून ख्याती होती. पुढे पंधरावीस वर्षांतच त्यांच्या खेळाला नियमावली मिळाली, मैदाने मिळाली आणि पोलिसांचे साहाय्यही मिळाले. हे कसे घडले? नियमांच्या राज्यात ज्यांचे आयुष्य जाते, अशा आपल्यासारख्या नोकरपेशाच्या वाचकांस तरी हा प्रश्न जिव्हाळ्याचा वाटावा.

या कथेचा आरंभ फोर्डच्या ‘मॉडेल टी’पासून करावा लागतो. १९०८ ते १९२७ या काळात या मोटारी दीड कोटींहून अधिक निर्माण झाल्या. इंजिन चार सिलिंडरांचे, शक्ती वीस अश्वांची आणि बांधणी इतकी साधी, की पान्हा नि हातोडी चालविता येणाऱ्या शेतकऱ्यासही ती दुरुस्त करता यावी. मोटार जुनी झाली की तिची किंमत सायकलीच्या पंगतीला येई. १९२९ नंतरच्या मंदीत तरुणांच्या खिशात नवी मोटार घेण्याइतके पैसे नव्हते. परंतु जुनी ‘टी’ मात्र ज्याला त्याला परवडत होती. कॅलिफोर्नियाची हवाही या छंदास अनुकूल. पाऊस थोडा, बर्फ नाही. त्यामुळे भंगारातील लोखंड गंजून नाहीसे होत नसे आणि छप्पर नसलेली उघडी मोटार बाराही महिने चालविता येई. एड विनफील्डसारख्या कारागिरांनी याच काळात फोर्डच्या इंजिनासाठी अधिक चांगले कार्ब्युरेटर आणि कॅमशाफ्ट करून विकण्यास प्रारंभ केला होता. कॅमशाफ्ट म्हणजे झडपा कधी उघडाव्या नि कधी मिटाव्या, हे ठरविणारा दांडा. त्याच्या उंचवट्यांचा आकार थोडा बदलला, की इंजिनाच्या श्वासोच्छ्वासाची लयच बदलते.

१९३२ साली हेन्री फोर्डने आणखी एक देणगी दिली. आठ सिलिंडरांची इंजिने तोवर श्रीमंतांच्या मोटारींत असत. फोर्डने असे इंजिन एकसंध ओतून पाचशे डॉलरांच्या आतल्या मोटारीत बसविले. त्याचे आकारमान २२१ घनइंच आणि शक्ती ६५ अश्वांची होती. त्यात दोषही होते. झडपा बाजूला, ठोकळ्यातच बसविलेल्या आणि जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्याही ठोकळ्यामधूनच गेलेल्या. त्यामुळे ते लवकर तापे. तरीही हे स्वस्त आणि सोशीक इंजिन पुढील वीस वर्षे हौशी कारागिरांचे लाडके दैवत होऊन बसले. फोर्डने अमेरिकेत ते १९५३ पर्यंत चालू ठेवले.

या मोटारी पळवायच्या कोठे? लॉस एंजेलिसच्या पलीकडे मोहावीचे वाळवंट आहे आणि त्यात कोरड्या पडलेल्या सरोवरांचे विस्तीर्ण तळ आहेत. म्यूरॉक हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. तेथील भूमी मैलोगणती सपाट आणि फरशीसारखी टणक. शनिवारी रात्री मोटारींचे तांडे शहरातून निघत, तळाच्या काठी मुक्काम करीत आणि पहाटे, वारा सुटण्यापूर्वी, वेगाची परीक्षा सुरू होई. प्रारंभी चारपाच मोटारी ओळीने एकदम सुटत. पुढची धूळ उडवी आणि मागचा आंधळा होई. अपघात घडत, माणसे दगावत. या अनुभवातून शहाणे होऊन १९३७ साली तेथील निरनिराळ्या क्लबांनी एकत्र येऊन ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ ही संस्था स्थापिली. मोटारींची तपासणी व्हावी, प्रत्येकीची वेळ स्वतंत्रपणे मोजावी, एकदम झुंडीने सुटू नये, असे निर्बंध हळूहळू पक्के झाले. सरकारने हे नियम केले नव्हते. ज्यांनी धुळीत मित्र गमावले होते, त्या पोरांनीच ते स्वतःवर लादून घेतले. या कथेतील शिस्तीचे पहिले बीज आम्हांस येथे दिसते.

पुढे युद्ध आले. १९४१ च्या डिसेंबरात अमेरिका युद्धात ओढली गेली. म्यूरॉकचा तळ विमानदलाने घेतला. पेट्रोलवर नियंत्रण आले. छपरांतील अर्ध्यामुर्ध्या मोटारींवर ताडपत्र्या पडल्या आणि पोरे पॅसिफिककडे, युरोपकडे गेली. परंतु सैन्याने त्यांना रिकाम्या हाताने परत पाठविले नाही. विमानांची इंजिने जुळविणे, अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे जोडणे, लेथ चालविणे, सहस्रांश इंचापर्यंत माप घेणे, या विद्या हजारो तरुण तेथे शिकले. बिल बर्क नावाच्या अशाच एका तरुणाने पॅसिफिकमध्ये विमानांच्या पोटाखाली लावण्याच्या जादा इंधनाच्या टाक्या उतरविल्या जाताना पाहिल्या. त्यांचा आकार थेंबासारखा, हवेला कमीत कमी विरोध करणारा. युद्ध संपल्यावर ह्या टाक्या भंगारात थोडक्या पैशांत मिळू लागल्या. बर्कने १९४६ साली अशी एक टाकी घेऊन तिलाच चाके लावली, आत इंजिन बसविले नि आपण बसला. युद्धसामग्रीतून खेळणे घडविण्याचा याहून बोलका दाखला मिळणे कठीण.

युद्धोत्तर काळातच हा छंद लोकांच्या डोळ्यांत सलू लागला. परतलेल्या सैनिकांजवळ साठविलेला पगार होता, अंगी कसब होते आणि रणांगणावरून आल्यावर शांत जीवनात येणारी अस्वस्थताही होती. मुख्य अडचण जागेची. म्यूरॉक आता लष्कराकडे. एल मिराजचा दुसरा कोरडा तळ लांब, आणि तेथेही रोज जाता येत नसे. तेव्हा रात्रीच्या वेळी शहरातील लांब, सरळ रस्त्यांवर, दिव्याच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत शर्यती लागू लागल्या. अपघात झाले. वृत्तपत्रांतून ‘हॉट रॉड’ हा शब्द ‘गुंड’ या अर्थाने छापून येऊ लागला. अशा मोटारींवर सरसकट बंदी घालावी, अशी मागणी जोराने होऊ लागली. मागणी अगदी निराधार होती, असे आम्ही म्हणणार नाही. सार्वजनिक रस्त्यावर चालणारे मूल आणि पाव मैलात शंभर मैलांचा वेग गाठणारी मोटार यांची गाठ कोठल्याही सुसंस्कृत समाजाने पडू देता कामा नये. प्रश्न इतकाच होता, की बंदीने ती टळणार होती काय?

या प्रश्नाला वॉली पार्क्स नावाच्या गृहस्थाने जे उत्तर दिले, त्यामुळे त्याचे नाव इतिहासात राहिले आहे. तो उपर्युक्त असोसिएशनचा कार्यवाह. त्याचे म्हणणे असे, की पोरांना जागा द्या, नियम द्या, वेळ मोजून द्या. मग रस्ते आपोआप मोकळे होतील. १९४८ च्या जानेवारीत असोसिएशनने लॉस एंजेलिसमध्ये घरी बांधलेल्या मोटारींचे प्रदर्शन भरविले. हेतू हा, की लोकांनी ही कारागिरी जवळून पाहावी आणि आपले मत बनवावे. त्याच महिन्यात रॉबर्ट पीटरसन या एकवीस वर्षांच्या तरुणाने एका सहकाऱ्यासह ‘हॉट रॉड’ याच नावाचे मासिक काढले. प्रती दहा हजार, किंमत पंचवीस सेंट. शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द मासिकाच्या मस्तकी मिरविणे, हीही एक चळवळच म्हणावयाची. पुढे पार्क्स या मासिकाचा संपादक झाला आणि त्याच्या मताला देशभर वाचक मिळाले.

जागेचा प्रश्न सुटला तो युद्धाच्याच कृपेने. युद्धकाळात बांधलेल्या धावपट्ट्या आता ओस पडल्या होत्या. १९४९ साली सांता बार्बराजवळच्या गोलीटा येथे विमानतळालगतच्या एका रस्त्यावर दोन नामांकित मोटारींची जाहीर शर्यत झाली. पहिली संघटित ड्रॅग शर्यत म्हणून पुष्कळ जण तिचा निर्देश करतात. पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, सांता आना येथील विमानतळाच्या एका धावपट्टीवर सी. जे. हार्ट आणि त्याच्या भागीदारांनी दर रविवारी नियमित शर्यती सुरू केल्या. कोणीही यावे, किरकोळ शुल्क द्यावे, मोटार तपासून घ्यावी, आणि घड्याळाच्या साक्षीने आपला वेग पाहावा. हार्टची पत्नी पेगी ही स्वतः मोटार हाकून पुरुषांना हरवीत असे, हे येथे नमूद केले पाहिजे. सांता आनाची ही पट्टी १९५९ पर्यंत चालली.

आता या मोटारी घरी घडत कशा, ते थोडे विस्ताराने पाहू. कारण या इतिहासाचे खरे मर्म तेथेच आहे.

पाव मैल म्हणजे १३२० फूट. मोटार उभी असता निघावयाचे आणि एवढे अंतर कमीत कमी सेकंदांत कापावयाचे. वळणे नाहीत, चढउतार नाहीत. म्हणजे या शर्यतीत मोटारीपाशी दोनच गोष्टी मागितल्या जातात: शक्ती अधिक आणि वजन कमी. यांपैकी वजन कमी करण्यास पैसे लागत नाहीत, म्हणून गरीब कारागीर तेथून आरंभ करी. मडगार्ड, बॉनेट, पायफळ्या, मागची बैठक, काचा, दिवे, जे जे निघेल ते ते काढून ठेवायचे. डिक क्राफ्ट नावाच्या तरुणाने ही गोष्ट टोकाला नेली. त्याच्या मोटारीत जुन्या ‘टी’ची चौकट, इंजिन, चाके आणि बसण्यापुरती जागा यांखेरीज काही उरलेच नव्हते. लोकांनी तिला ‘बग’ म्हणजे किडा म्हटले. पण तो किडा सांता आना येथे ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने गेला आणि हसणारे घरी जाऊन आपापल्या मोटारींची मडगार्डे उतरवू लागले.

शक्ती वाढविण्याचे काम मात्र चिकाटीचे. इंजिन सोडवून त्याचा ठोकळा नुसता उरे, तेव्हा सिलिंडर कातून त्यांचा व्यास वाढवायचा. फोर्डच्या मागाहूनच्या, किंचित मोठ्या ठोकळ्यात हे अधिक सुरक्षितपणे होई. त्यातच मर्क्युरी मोटारीचा क्रँकशाफ्ट बसविला की पिस्टनची धावही लांबे. अशा रीतीने २२१ घनइंचांचे इंजिन २७५ च्या घरात नेता येई. मग ठोकळ्यातील हवेचे मार्ग हाताने घासून रुंद आणि गुळगुळीत करावयाचे. एका तसूची चूक झाली, की भोक थेट पाण्याच्या पोकळीत पडे आणि महिन्याचे श्रम भंगारात जात. वरचे डोके अ‍ॅल्युमिनियमचे, अधिक दाब देणारे. एका कार्ब्युरेटरच्या जागी दोन किंवा तीन. आणि कॅमशाफ्ट नव्याने घासलेला. गिअरचे दाते दुसऱ्याच एखाद्या मोटारीतून, ब्रेक १९३९ नंतरच्या फोर्डमधून. कारण जुने ब्रेक दांड्यांनी चालत आणि शंभर मैलांच्या वेगात त्यांच्यावर भरवसा ठेवणे म्हणजे जिवाशी खेळ.

ही सर्व कामे एका माणसाला येत नसत आणि सर्व हत्यारे एका घरी नसत. म्हणून शेजारपाजारचे छंदी तरुण क्लब करीत. एकाकडे वेल्डिंगचा संच, दुसऱ्याच्या चुलत्याकडे लेथ, तिसरा कारखान्यात फिटर. रात्रीच्या जेवणानंतर छपरात दिवा लागे आणि उपनगरातील शेजारी ठोकठोकीबद्दल कुरकुर करीत. यांतल्या पुष्कळांची दिवसाची नोकरी अगदी साधी असे. मिकी टॉमसन हे त्यांतील थोर नाव. तो ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या छापखान्यात काम करीत असे. १९५४ च्या सुमारास त्याने एक साधा, पण मूलगामी विचार केला. मोटार निघते तेव्हा तिचा भार मागे ढकलला जातो. मागच्या चाकांवर जितका भार अधिक, तितकी ती जमीन घट्ट धरतात. तर मग चालकालाच मागच्या आसाच्याही मागे का बसवू नये? त्याने तसे केले. गोफणीच्या वादीत दगड बसावा तसा चालक मागे बसलेला दिसे, म्हणून या रचनेला ‘स्लिंगशॉट’ असे नाव पडले, आणि पुढील सुमारे पंधरा वर्षे तीच ड्रॅग मोटारींची सर्वमान्य घडण ठरली. याच टॉमसनने एल मॉन्टे येथील आपल्या घरच्या गॅरेजात चार पॉन्टिअ‍ॅक इंजिने जुंपून ‘चॅलेंजर’ ही मोटार बांधली आणि १९६० च्या सप्टेंबरात बॉनव्हिलच्या मिठागरावर ती ताशी ४०६ मैल वेगाने नेली. विक्रमासाठी उलट दिशेनेही धाव घ्यावी लागते. त्या वेळी शक्ती वाहून नेणारा दांडा मोडला आणि अधिकृत नोंद हुकली. परंतु घरच्या गॅरेजातून निघालेल्या मोटारीने चारशे मैलांचा उंबरठा ओलांडला, ही गोष्ट कोणास पुसता आली नाही.

संघटनेच्या बाजूनेही काम चालूच होते. १९५१ साली पार्क्सने ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ ही देशव्यापी संस्था स्थापिली आणि सुरक्षितता हेच तिचे ब्रीद ठरविले. संस्थेची पहिली अधिकृत शर्यत १९५३ च्या एप्रिलमध्ये पोमोना येथील जत्रेच्या मैदानाशेजारच्या, मोटारी उभ्या करण्याच्या आवारात झाली. ती शक्य झाली तेथील पोलीस प्रमुख राल्फ पार्कर आणि सार्जंट बड कून्स यांच्या पुढाकाराने. रस्त्यावर शर्यती लावणाऱ्या पोरांना पकडून दंड करणे हे ज्यांचे काम, त्यांनीच या पोरांना मैदान मिळवून दिले. पुढे १९५४ साली याच कून्सच्या नेतृत्वाखाली चार माणसांचे एक पथक, एक मोटार आणि वेळ मोजण्याच्या उपकरणांनी भरलेली एक जोडगाडी घेऊन देशभर हिंडले. गावोगाव जावे, तेथील क्लबांना नि पोलिसांना एकत्र बसवावे, धावपट्टी आखावी, मोटारी कशा तपासाव्या ते शिकवावे आणि पुढच्या गावी जावे, असा त्यांचा क्रम. आपल्याकडील कीर्तनकारांच्या फिरतीची आठवण व्हावी, असेच ते काम होते. १९५५ साली कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे, बॉम्बफेकी विमानांसाठी बांधलेल्या तळावर, पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. पावसाने ती अर्धवट राहिली, आणि अंतिम फेरी नोव्हेंबरात अ‍ॅरिझोनात उरकावी लागली.

नियमांचे हे पर्व एकसूरी यशाचे होते, असे मात्र समजू नये. वेग वाढू लागला तेव्हा १९५७ साली असोसिएशनने नायट्रोमिथेन या स्फोटक इंधनावर बंदी घातली. कित्येक चालक रुसून नियमबाह्य मैदानांकडे गेले, आणि काही वर्षांनी, १९६३ मध्ये, ती बंदी मागे घ्यावी लागली. चालकाच्या पुढ्यातच इंजिन आणि मांडीखाली गिअरपेटी ठेवणारी ‘स्लिंगशॉट’ची रचना किती घातक, हेही रक्त सांडल्यावरच उमगले. १९७० च्या मार्चमध्ये डॉन गार्लिट्स या विख्यात चालकाच्या मोटारीची गिअरपेटी फुटली आणि त्याच्या पायाचा काही भाग तुटला. इस्पितळात पडल्या पडल्या त्याने इंजिन चालकाच्या पाठीमागे असलेल्या मोटारीची आखणी केली. १९७१ मध्ये ती जिंकू लागली आणि जुनी घडण थोड्याच काळात अस्तास गेली. नियम अनुभवाच्या मागून लंगडत येतात, ही गोष्ट सचिवालयातही आपण पाहतोच.

यशाची आणखी एक किंमत या छंदाला मोजावी लागली. घरामागच्या छपरात कॅमशाफ्ट घासणारा एड इस्केंडेरियन, कार्ब्युरेटरांची नळी ओतणारा व्हिक एडलब्रॉक हे कारागीर हळूहळू कारखानदार झाले. १९६३ साली त्यांच्या धंद्याची स्वतंत्र संघटनाही उभी राहिली. जे पूर्वी हातांनी करावे लागे, ते आता टपालाने मागविता येऊ लागले. शेव्हरोलेचे १९५५ चे हलके, आठ सिलिंडरांचे इंजिन दुकानातूनच इतके सशक्त निघे, की जुन्या फोर्डवर महिने घालविण्यात अर्थ उरला नाही. अखेर मोठे कारखाने स्वतःच या मैदानात उतरले आणि रविवारच्या शर्यतीत पगारदार चालक हौशी पोरांना हरवू लागले. छंदाला प्रतिष्ठा लाभली आणि त्याच हाताने ज्याच्यासाठी ती मागितली, त्या गरीब कारागिराला ती मैदानातून मागे सारू लागली. इतिहासात असे अनेकदा घडते. तरी त्याची हुरहूर कमी होत नाही.

तथापि या कारागिरीचा एक प्रवाह दुसऱ्या वाटेने वाहत राहिला: स्पोर्ट्स मोटारीच्या. हलक्या विलायती मोटारीत दणकट अमेरिकन इंजिन बसवावे, ही हॉट रॉडवाल्यांचीच युक्ती. इंग्लंडात सिडनी अ‍ॅलर्डने ती आधी अंमलात आणली. १९५० साली कॅडिलॅक इंजिनाच्या त्याच्या मोटारीने ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तिसरा क्रमांक मिळविला. अमेरिकेत कॅरोल शेल्बीने १९६२ साली ‘एसी’ या इंग्रज कंपनीची चौकट आणि २६० घनइंचांचे फोर्ड इंजिन यांचा संयोग घडवून ‘कोब्रा’ निर्मिली. ती प्रथम जुळविली गेली ते स्थळही डीन मून या हॉट रॉडवाल्याचे सांता फे स्प्रिंग्ज येथील दुकानच. या मोटारींच्या प्रतिकृती जगभरच्या घरगुती गॅरेजांतून बांधल्या जातात.

इंग्लंडातील घरबांधणीच्या मोटारींस मात्र वेगाइतकाच कर कारणीभूत झाला, आणि हा भाग आपल्या वाचकांस विशेष रुचावा. कॉलिन चॅपमन याने १९४८ साली एका जुन्या ऑस्टिन सेव्हनपासून, आपल्या भावी पत्नीच्या माहेरच्या गॅरेजात, पहिली मोटार बांधली. १९५७ साली त्याच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ ही मोटार सुट्या भागांच्या रूपाने विकावयास काढली. त्या काळी तयार मोटारीवर भरमसाट खरेदीकर असे, सुट्या भागांच्या संचावर तो नसे. मात्र संचाबरोबर जोडणीच्या सूचना दिल्या तर सवलत जाई. कंपनीने तोड काढली. मोटार सुटी कशी करावी, याची पुस्तिका सोबत दिली. ग्राहकाने ती शेवटच्या पानापासून पहिल्यापर्यंत वाचावी म्हणजे झाले! १९७३ साली करपद्धती बदलली, सवलत संपली आणि लोटसने ती मोटार केटरहॅम या विक्रेत्याकडे सोपविली. परंतु छंद संपला नाही. १९९६ साली रॉन चॅम्पियन या गृहस्थाने अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स मोटार घरी कशी बांधावी, यावर पुस्तक लिहिले. त्यातील आराखड्यानुसार जुन्या फोर्ड एस्कॉर्टच्या अवशेषांतून कितीतरी मोटारी उभ्या राहिल्या.

हे वाचताना आपल्या देशाकडे दृष्टी वळल्यावाचून राहत नाही. आपल्याकडेही युद्धाने धावपट्ट्या मागे ठेवल्या होत्या. मद्रासजवळची शोलावरमची धावपट्टी ही त्यांतील एक. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तेथे दीर्घकाळ शर्यती भरविल्या आणि घरी बांधलेल्या ‘स्पेशल’ मोटारी तेथे धावल्या. मद्रासेत नोकरी केलेल्या जुन्या मराठी मंडळींना त्या शर्यतींची गर्दी स्मरत असेल. आयात बंद, मोटारींचे प्रकार दोनतीन, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणाऱ्या फियाटसाठीही प्रतीक्षायादी, अशा टंचाईच्या काळात कोणी तरुण भंगारातील इंजिन घेऊन स्वतःची मोटार जोडी, यात कॅलिफोर्नियातील पोरांहून कमी हिंमत नव्हती.

परंतु तशी मोटार रस्त्यावर आणू म्हटले तर आपला कायदा काय सांगतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम २००० च्या दुरुस्तीने कडक झाले. उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाने करू नये, हे त्यात स्पष्ट झाले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९१९ च्या नव्हे, अगदी २०१९ च्या जानेवारीत हाच अर्थ कायम केला. नव्या मोटारीच्या नमुन्यास पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेकडून प्रमाणपत्र घ्यावे लागते. ही व्यवस्था कारखानदाराच्या मापाची आहे, एकट्या कारागिराच्या नव्हे. या निर्बंधांमागील कारण आम्ही अमान्य करीत नाही. आपले रस्ते गजबजलेले, तपासणीची यंत्रणा तोकडी, आणि आवाज करणाऱ्या, चाके बदललेल्या मोटारींचा उपद्रव सर्वांच्या परिचयाचा.

तरी इतर देशांनी याच अडचणीतून वाट काढली आहे, हेही नोंदले पाहिजे. ब्रिटनने १९९८ पासून एकेकट्या मोटारीची तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देण्याची पद्धत आणली. कॅलिफोर्नियाने २००१ साली कायदा करून घरी बांधलेल्या मोटारींना धुराच्या नियमांत वर्षाला पाचशेपुरती सवलत दिली. पाचशे हा आकडा लहान आहे. पण त्यामुळे परवानगी मागणाऱ्याला निदान अर्ज करावयास एक खिडकी तरी मिळते. आपल्याकडे अशी खिडकी दुसऱ्या दिशेने उघडू लागली आहे. २००७ साली इंदूरजवळच्या पीथमपूर येथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘बाहा’ स्पर्धा सुरू झाली. महाविद्यालयांतील मुले स्वतः आखणी करून, स्वतः वेल्डिंग करून मोटार बांधतात, परीक्षक ती कसून तपासतात आणि मगच ती बंदिस्त मैदानावर धावते. पोमोनाच्या सार्जंट कून्सने हे पाहिले असते, तर त्याला आपलेच काम येथवर पोहोचल्यासारखे वाटले असते.

पाव मैलाच्या या इतिहासाचे तात्पर्य आम्हांस तरी असे दिसते. रस्त्यावरची शर्यत दंडाने काही काळ थांबली असती, परंतु छपरातला दिवा दंडाने विझला नसता. तेथील शहाण्या अधिकाऱ्यांनी या दोहोंतील भेद ओळखला. रस्त्यावर मनाई कायम ठेवली आणि ओसाड धावपट्टीची किल्ली मात्र काढून दिली. नियम करणाऱ्याच्या हाती नकाराचा शिक्का असतो, तशी अशी एखादी किल्लीही असते. आपल्यापैकी कित्येकांच्या टेबलांवर रोज जे अर्ज येतात, त्यांत एखादा अर्ज असा निघेल, की ज्याला लावण्याजोगा नियमच पुस्तकात नाही. तो निकालात काढण्यापूर्वी अर्जदाराने छपरात काय बांधले आहे, ते एकदा जाऊन पाहावे.